ठिपक्याचं अंडं

बाई, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल नाही बोलून राहिली, तुझ्याशी बोलून राहिली. तेरा दिवस गप्प होती, कारण तेव्हा मले काही माहीत नव्हतं. तेरा दिवस तुझ्यासाठी रडली, अन् मन लावून रडली. जो भेटायले येईल त्याले सांगत होती, माझी मोठी जाऊ नाही गेली, माझी माय गेली. चौदाव्या दिवशी सकाळी समजलं की तू मले एकोणीस वर्षं फसवलं. आता सांग, त्या तेरा दिवसांचं रडणं मी कुठं नेऊन ठेवू?

लोकांसमोर तुले 'तुम्ही' म्हणत होती, घरात 'तू'. इथं आपण दोघीच आहो, म्हणून तू.

लग्न करून या घरात आली तेव्हा कळमेश्वरच्या बाजूचं हे गाव मले नवं होतं, अन् आंगणातल्या कोंबड्या त्याहून नव्या. माझं माहेर महानुभाव, घरातल्या सगळ्यांनी उपदेश घेतलेला. अंड्याचं नाव जरी निघालं तरी आई चूळ भरायले लावत होती. अन् इथं पाहते तं चुलीच्या बाजूले टोपल्यात कोंबडी अंड्यांवर बसून माझ्याकडे डोळे वटारून राहिली! मी पहिल्याच सकाळी रडायले लागली. सासूबाई म्हणाल्या, होईन सवय. तू आंगणाच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, माती लिंपली, अन् दुसऱ्या दिवसापासून अंड्या-मटणाचं सगळं त्या बाहेरच्या चुलीवर. भांडे वेगळे, चिमटासुद्धा वेगळा. "तुह्या ताटात अंडं येनार नाही वं, मी हाये ना," तू म्हणाली. ताटात खरंच कधी आलं नाही. तेवढं मानते मी.

मंग पल्लवी झाली. ती सात महिन्यांची असताना मले अंगणवाडीत सेविकेचं काम लागलं. गावातल्या लेकरांचं वजन करायचं, त्यांले खिचडी-उसळ खाऊ घालायची, त्यांच्या मायांले शिकवायचं, अन् आपलं लेकरू तुझ्या मांडीवर ठेवून जायचं. कामावर जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, पोरीले अंडं चारायचं नाही. मोठी होऊन ती काय ते ठरवील. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

तू हात झटकन मागे घेतला. "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ नाही घेत कोनी. काहीच्या काही बोलतं!"

मले तेव्हा गहिवरून आलं. वाटलं, किती जीव आहे हिचा पोरीवर. आता तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. खोटी शपथ लेकराले बाधते म्हणून तू घेतली नाही. म्हणजे पोरगी सात महिन्यांची होती तेव्हाच तुझं ठरलेलं होतं.

अन् मी बावळट, तुझ्या मायेचं कौतुक करत कामावर गेली.

तुले तो दिवस आठवत असंल. पल्लवी दहा महिन्यांची होती. सगळ्या लेकरांचं वजन झालं, बाया घरी गेल्या, मंग मी दार लोटून आपल्या पोरीले काट्याच्या झोळीत बसवलं. तक्त्यावर रेघ ओढली तं पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात गेली. सेविकेची पोरगी पिवळ्यात! घरी येऊन तुझ्या मांडीत डोकं खुपसून रडली मी. म्हटलं, दुनियेच्या लेकरांले खाऊ घालते अन् माझीच वाळून राहिली. तू केसांतून हात फिरवत बसली. मंग म्हणाली, "बकरीचं दूध सुरू करतो मी तिले. पाहू."

तीन महिन्यांत रेघ हिरव्यात आली. तिथून खाली म्हणून उतरली नाही. मी तं त्या बकरीची ओटी भरायची तेवढी बाकी होती. पल्लवीचा तो तक्ता अंगणवाडीच्या भिंतीले चिकटवला, अन् मायांची बैठक असली की पट्टी घेऊन दाखवत होती: हे पाहा, इथं पिवळा, इथून बकरीचं दूध, अन् हे पाहा. ट्रेनिंगच्या पुस्तकात अंड्याचं मोठं चित्र होतं. ते पान मी लपवलं नाही, पण उलटवत मात्र पटकन होती. "ज्याले चालते त्यानं द्यावं," एवढं म्हणायचं अन् भिंतीकडे वळायचं. पल्लवी शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आली की माझा आवाज अजून चढत होता.

तू त्या बैठकांले येत होती, बाई. दाराच्या चौकटीले टेकून बसत होती, बकऱ्यांवर नजर ठेवता यावी म्हणून. माझं भाषण सुरू झालं की पदराचं टोक बोटाले गुंडाळायची, सोडायची. मले वाटे, जाऊ शिकलेली आहे याचा हिले अभिमान वाटून राहिला.

आता चौदाव्या दिवसाचं सांगते. तेरावी झाली, सुतक फिटलं, पाहुणे गेले. पल्लवीले दुपारी नागपूरजवळच्या वाडीले परत जायचं होतं. तिचा नर्सिंगचा अभ्यास बुडून राहिला होता, अन् खोलीवरच्या मैत्रिणी फोनवर फोन करत होत्या. मी सकाळी उठून पाहते तं आंगणात धूर. बाहेरची चूल पेटलेली, तुझी चूल. पल्लवी उकिडवी बसून तुझ्या गंजात पाणी उकळून राहिली, अन् बाजूले तुझं अंड्यांचं टोपलं.

"काय करून राहिली वं?" मी विचारलं.

तिनं वर पाहिलं नाही. एक-एक अंडं पाण्याच्या बादलीत सोडून पाहत होती, बुडलं ते चांगलं, तरंगलं ते बाजूले. अगदी तिच्या मोठाईसारखी, तुझ्यासारखी. मंग म्हणाली, "मोठाईनं माझी अंडी ठेवली होती आई. ठिपक्याची."

टोपल्यातल्या त्या खुणा मले काय माहीत नव्हत्या? वीस-बावीस वर्षं पाहत आली. कोळशानं आडवी रेघ म्हणजे उबवायले बसवायचं अंडं, म्हणजे कोंबडीनं मागाहून घातलेलं ताजं अंडं त्यात मिसळत नाही. कोऱ्या अंड्यांतली काही विकायची, काही घरी खायची. अन् एखाद-दोन अंड्यांवर बारीक ठिपका. एकदा मी विचारलं होतं, हा ठिपका कायचा? "हेही बसवायचंच," तू म्हणाली, "चांगल्या कोंबडीचं हाये." मी मान हलवली. ठिपक्याच्या अंड्यातून कधी एक पिल्लू निघालं नाही हे माझ्या ध्यानात येऊ नये? कसं येईल, मी त्या टोपल्याजवळून नाक मुरडूनच जात होती.

"रोज एक," पल्लवी म्हणाली. "तू अंगणवाडीत गेली की. लहान होती तेव्हा वरणात कुस्करून, मंग तसंच, मीठ लावून. मले वाटलं तुले आतापर्यंत माहीत झालं असंल."

"तू बकरीच्या दुधावर..."

"आई, बकरी काय बाराही महिने दूध देते का? तेव्हा तं ती गाभण होती. आटली होती. मोठाईच हसून सांगत होती मले."

हसून. हे तिनं सहज म्हटलं. एकोणीस वर्षं ज्या बकरीचे गोडवे गायले, तिचं दूध तेव्हा आटलेलं होतं, अन् ते पाहायले मी एकदाही गोठ्यात गेली नव्हती. दुसऱ्याले शिकवणारी बाई घरच्या बकरीले विचारत नाही, झालं! तुम्ही दोघी हसत होत्या तेव्हा मी कुठं होती? पट्टी घेऊन भिंतीजवळ उभी होती.

अन् वाडीच्या खोलीवर जाताना तू तिच्या पिशवीत कुटार, म्हणजे भुसा, भरलेला जो डबा टाकत होती, तो? मी विचारलं तं म्हणे तिळाचे लाडू. लाडवाचा डबा एसटीत मांडीवर धरून बसतं का कोणी? तेव्हाही मी काही म्हटलं नाही. तुझ्यावर शंका घ्यायची मले सवयच नव्हती.

पल्लवीनं अंडं सोललं, मीठ लावलं अन् माझ्यासमोर खाल्लं. खाताना रडत होती. मी तिले रागावणार होती, पण कोणत्या तोंडानं? ती गेली. पिशवी उचलताना म्हणाली, "मोठाईवर रागावू नको. तिनं मले मोठं केलं." खरं आहे ते. तेच तं मले सहन होत नाही.

थांब, संपलं नाही. एवढंच असतं तं मी चार दिवस धुसफुसली असती, मंग आपलंच माणूस म्हणून सोडून दिलं असतं. माझी पोरगी वाचली, वाढली, दोन जिने न थांबता चढते. माझा नेम तू मोडला, पण माझ्या पोरीचं भलं केलं. देवाले काय सांगायचं ते मी पाहून घेतलं असतं.

पण रंजना?

गावाच्या टोकाले राहणारी रंजना तुले आठवते. आठवणारच म्हणा. नऊ वर्षांपूर्वीची बैठक. त्या साली कोंबड्यांत मानमोडी आली होती, गावातले निम्मे खुराडे रिकामे झाले. रंजनाच्या अकरा कोंबड्यांतल्या दोन उरल्या. तिचा सोनू तेव्हा वर्षाचा, पिवळ्या पट्ट्यात, खालच्या रेघेले टेकलेला. बैठक संपता संपता ती उठून उभी राहिली. म्हणाली, "ताई, दोन कोंबड्या हायेत. अंडी सोनूले देऊ का बसवू? बसवली तं खुराडा भरंल. दिली तं भरनार नाही. सांगा तुम्ही."

किती नीट विचारलं होतं तिनं. अन् मी भिंतीकडे बोट केलं. "बसव. लेकराले अंड्यावाचून काही अडत नाही. माझी पल्लवी पाहा, अंड्याले शिवली नाही. शेजारून थोडं बकरीचं दूध माग."

रंजनानं मान हलवली. तू चौकटीले टेकून होती. पदराचं टोक बोटाले गुंडाळलेलं होतं, ते मात्र त्या दिवशी सोडलं नाही. हे मले आत्ता आठवते, तेव्हा दिसलं होतं पण समजलं नव्हतं. त्या वर्षी रंजनाचा खुराडा भरला. सोनू मात्र पिवळ्यातून निघेपर्यंत वर्ष गेलं, अन् त्या वर्षात दोनदा त्याले नागपूरले दवाखान्यात न्यावं लागलं. आता चौथीत आहे. शाळेच्या रांगेत सगळ्यांत पुढं उभा राहतो, उंचीनं लावतात म्हणून. एका अंड्यानं फरक पडला असता का? मले नाही माहीत. पण तिनं विचारलं होतं, अन् मी सांगितलं होतं, अन् जे सांगितलं ते खोटं होतं. ते खोटं माझ्या तोंडातून निघालं, पण ते खोटं आहे हे तुलेच ठाऊक होतं.

एक शब्द, बाई. बैठकीत नाही, घरी येऊन. "त्या पोरीले तसं सांगू नको वं," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी आकांडतांडव केलं असतं, मान्य. महिनाभर तुझ्याशी बोलली नसती, पल्लवीले घेऊन माहेरी गेली असती. म्हणून तू गप्प बसली? माझा राग नको म्हणून तू सोनूचं अंडं बसवू दिलं?

काल सकाळी मी सुट्टीवर होती, घरीच. रंजना आली, कडेवर तिची धाकटी परी, अडीच वर्षांची. मले वाटलं भेटायले आली. ती दारातच घुटमळली. परी मात्र खाली उतरली, थेट बाहेरच्या चुलीजवळ गेली अन् तिथं पालथी घातलेली छोटी वाटी उचलून उभी राहिली. म्हणाली, "बाई कुठं?"

मी रंजनाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"वर्षभरापासून," ती म्हणाली. "माह्या कोंबड्या मागच्या साली पुन्हा गेल्या. बाई बोलावून म्हनाल्या, पोरीले रोज सकाळी आनत जा, ताई अंगणवाडीत गेल्यावर. सुतक होतं म्हणून इतके दिवस धरून ठेवलं हिले. आज ऐकेच ना."

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"बाईनं नको म्हटलं. ताईले वाईट वाटंल, म्हने."

ताईले वाईट वाटंल! म्हणजे ती ठिपक्याची अंडी पल्लवीची नव्हतीच. पोरगी बिचारी आपली समजून रडत खाऊन गेली. ती परीची होती. तू रंजनाले सांगितलं, पल्लवीले सांगितलं, अडीच वर्षांच्या परीलेही माहीत. एका घरात एका छपराखाली राहणाऱ्या मलेच तेवढं नाही. इतकी का मी वाईट होती, बाई? तुले माझी भीती वाटत होती का? खरं सांगते, फसवल्यापेक्षा हे जास्त लागलं.

मी रंजनाले बसवलं. म्हटलं, "तुले एक सांगायचं आहे." सोनूच्या वेळची बैठक आठवून दिली. भिंतीवरचा तक्ता, बकरीचं दूध, सगळं. म्हटलं, "पल्लवी अंड्यावर वाढली. मले माहीत नव्हतं. पण मी तुले चुकीचं सांगितलं."

परी वाटी जमिनीवर आपटत होती. मंग रंजना हळूच म्हणाली, "तुम्हाले माहीत नव्हतं ताई. बाईले तं होतं ना? मंग सोनूच्या वेळी काहून नाही सांगितलं त्याईनं?"

हा प्रश्न तुझा आहे. मी कुठून उत्तर देऊ? माझ्याजवळ होतं ते एवढंच की तुलेही तो प्रश्न छळत असावा, म्हणून तू परीले बोलावलं. पण ते मी रंजनाले सांगितलं नाही. तुझी बाजू मी काहून घेऊ? अन् घेतली असती तरी तिच्या सोनूचं ते वर्ष परत येणार होतं का?

परीनं तेवढ्यात माझा पदर ओढला. "अंडं," ती म्हणाली.

टोपल्यात कोरी, ताजी अंडी होती, तुझ्या पोरानं गोळा करून ठेवलेली. मी आयुष्यात अंड्याले हात लावला नव्हता. उचललं तं गरम लागलं, नुकतंच घातलेलं असावं. तुझी चूल पेटवली, तुझ्या गंजात पाणी ठेवलं. किती वेळ उकळायचं हे रंजनाले विचारावं लागलं. सोलताना टरफलासंगं अर्धं पांढरं निघून आलं. परी त्या वाटीत पाहून म्हणाली, "बाई चांगलं करते." अन् मंग मले शिकवल्यासारखं, "मीठ." मीठ दिलं. तिनं सगळं खाल्लं, बोटं चाटली, माझ्याच पदराले पुसली.

मी रात्री आंघोळ केली, देवाचं नाव घेतलं, माझा नेम माझ्यापाशी ठेवला. मी खाणार नाही, मरेपर्यंत नाही. पण परवा वजनाचा दिवस आहे, बैठक आहे. भिंतीवरचा तक्ता काल जाऊन काढणार होती, नाही काढला. त्याच्याच खाली उभी राहून सांगणार आहे की पिवळ्यातून हिरव्यात ही पोरगी कशानं आली, अन् मी एकोणीस वर्षं काय सांगत होती. बाया हसतीन. हसू दे. कोणी रडंलही, सोनूची माय तं समोरच बसली असंल. चौकटीजवळची तुझी जागा रिकामी राहील, अन् मले त्या जागेकडे पाहून बोलावं लागंल. तुले ऐकायले लावायचं होतं मले, एकदा तरी, पदर न गुंडाळता.

तुले माफ केलं असं समजू नको. पोरीसाठी तुझे पाय धरीन, अन् रंजनासाठी तुझ्याशी भांडत राहीन. दोन्ही एकाच तोंडानं करीन. आपण सोळा माणसांच्या घरात असंच तं राहिलो.

आज सकाळी कोंबड्या सोडायले मीच उठली. खुराड्यात दोन अंडी होती. चुलीतला कोळसा घेतला अन् दोन्हींवर ठिपका काढला. एक परीचं. दुसरं तिच्यासंगं घरी पाठवणार आहे, सोनूचं.